एकच मंत्रिमंडळ, दोन चष्मे
ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडावं की राहावं, या २३ जून २०१६च्या ब्रेक्झिट सार्वमतात ५१.९ टक्के मतं ‘बाहेर पडा’ला, ४८.१ टक्के ‘राहा’ला. तीनच आठवड्यांत, १३ जुलैला, थेरेसा मे पंतप्रधान झाल्या.

बाहेरवाल्यांना त्यांचाच संशय. बाई स्वतः ‘राहा’वाल्या ना! डेव्हिड डेव्हिस, लियाम फॉक्स हे पक्के ‘बाहेर पडा’वाले मंत्री झाले तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

राहावाल्यांचा राग मात्र एकाच नावावर. ‘बाहेर पडा’ प्रचाराचे म्होरके बोरिस जॉन्सन, आणि तेही परराष्ट्रमंत्री? दुसऱ्याच दिवशी लंडनमध्ये फ्रेंच राजदूतांच्या समारंभात ते बोलायला उभे राहिले, तर पाहुण्यांनी त्यांची हुर्यो उडवली. (तीही फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनी!)

मला बाहेरवाल्यांचा संशय जास्त टिकाऊ वाटतो. जुलै २०१८मध्ये बाहेर पडूनही युरोपीय संघाशी जवळचे संबंध ठेवण्याच्या मे यांच्याच प्रस्तावावरून आधी डेव्हिस, मग जॉन्सन राजीनामा देऊन मोकळे झाले.