पडद्यालगतची ओळ: टोमॅटोच्या बुरशीवरच्या 'हमखास' औषधात मी कशी फसले

तुमच्या पॉलिहाऊसमध्ये टोमॅटो उभा असेल आणि कुणी तुम्हाला "एकदा हे सुरू करा, हंगामभर बुरशी विसरा" असं सांगत असेल, तर पैसे देण्याआधी एवढं वाचा. मी पैसे आधी दिले आणि विचार नंतर केला. ज्या मधल्या घोसांवर हंगामाचा सगळा हिशोब असतो, ते माझ्या हातून गेले.

सुरुवात खालच्या पानांपासून झाली. पानाच्या वरच्या बाजूला फिकट पिवळे ठिपके, त्यांना धड कडाही नाहीत. पान उलटून पाहिलं की नेमक्या त्याच जागी शेवाळी-तपकिरी मखमली थर. मी त्याला करपा समजत होते. करप्याचा डाग गडद असतो आणि लवकर येणाऱ्या करप्यात तर एकात एक वर्तुळं स्पष्ट दिसतात. माझ्याकडे होती ती पानांवरची मखमली बुरशी, पासालोरा फुल्वा. जुन्या पुस्तकांत तिचं नाव क्लॅडोस्पोरियम फुल्वम असं आहे. उघड्या शेतात ती फारशी त्रास देत नाही, बंद छताखाली मात्र झपाट्याने पसरते. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, म्हणून सांगते: औषध शोधण्याआधी रोगाचं नाव शोधा.

तो विक्रेता आला तेव्हा त्याने पान उलटूनही पाहिलं नाही. "ताई, बुरशी कुठलीही असू द्या. भुरी, करपा, मर, सगळ्यांवर हे एकच. आणि पूर्ण जैविक." मी तिथेच थांबायला हवं होतं. भुरीला, म्हणजे पानावर पांढऱ्या पुडीसारखी दिसणाऱ्या बुरशीला, पान ओलं लागत नाही, ती कोरड्या पानावरही वाढते. मर रोगाची बुरशी मुळातून शिरून झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करते, तिथे पानावरची फवारणी पोहोचतच नाही. उशिरा येणारा करपा तर खऱ्या अर्थाने बुरशीच नव्हे, त्याचा जीव पाण्यातल्या शैवालांच्या जवळच्या कुळातला. इतक्या वेगवेगळ्या रोगांवर एकच बाटली चालते म्हणणाऱ्याला एक तर रोग कळत नाहीत, नाही तर समोरच्याला ते कळत नाहीत याची त्याला खात्री असते.

मी का-कू करतेय असं दिसल्यावर तो म्हणाला, "फुकट करून दाखवतो. पटलं तरच घ्या." फसवणुकीचं खरं कौशल्य इथे होतं, म्हणून हा भाग सविस्तर लिहिते.

प्रात्यक्षिकासाठी त्याने बाजूच्या पडद्यालगतची ओळ निवडली. फवारण्याआधी सोबतच्या मुलांकडून पहिल्या घोसाखालची सगळी पानं काढून घेतली, रोगट पानं पिशवीत भरून बाहेर नेली. त्या बाजूचा पडदा दिवसभर उघडा ठेवायला सांगितलं, "औषधाला हवा लागते" म्हणून. फवारणी केली सकाळी. आठव्या दिवशी येऊन फोटो काढले. ती ओळ खरोखर स्वच्छ होती आणि मधल्या ओळींमध्ये पिवळे ठिपके वर सरकत होते. मला दुसरा पुरावा नको होता.

आता त्या ओळीत काय काय झालं ते पाहा. बीजाणू, म्हणजे बुरशी पसरवणारे सूक्ष्म कण, तयार करणारी पानं गेली. खालून हवा खेळू लागली. पडदा उघडा असल्याने पानांभोवतीची आर्द्रता उतरली, आणि ही बुरशी साधारण ८५ टक्क्यांच्या वर आर्द्रता टिकली तरच नीट रुजते. सकाळची फवारणी दुपारपर्यंत वाळून गेली. त्यातच बुरशी पानात शिरल्यापासून डाग दिसेपर्यंत दहा-बारा दिवस सहज जातात, म्हणजे आठव्या दिवशी नवी पानं स्वच्छ दिसणारच होती. पंपात नुसतं पाणी असतं तरी फोटो तसेच आले असते.

मी पूर्ण हंगामाचे कॅन घेतले. सगळी रक्कम आगाऊ दिली. त्याने प्रयोगशाळेचा म्हणून एक अहवाल दिला होता. तो मी घरी नीट वाचला तेव्हा त्यावर उत्पादनाचं नावच वेगळं निघालं. विचारलं तर "कंपनीने नाव बदललंय ताई." कॅनवर घटकांच्या जागी नुसतं "वनस्पतीजन्य अर्क व ट्रायकोडर्मा" असं लिहिलेलं. ट्रायकोडर्मा म्हणजे रोगाच्या बुरशीविरुद्ध वापरतात ती उपयोगी बुरशी. प्रमाण नाही, नोंदणी क्रमांक नाही, बॅच नाही, वापराची मुदत नाही.

त्याने दिलेलं वेळापत्रक असं: दर चौथ्या दिवशी, संध्याकाळी, पानं निथळेपर्यंत. सूक्ष्मजीवांची औषधं कडक उन्हात फवारू नयेत हे मी ऐकून होते, त्यामुळे संध्याकाळची वेळ मला पटली. पण फवारणी झाली की आम्ही रात्रीसाठी पडदे बंद करत होतो. दिवसाच्या गरम हवेत भरपूर वाफ मावते. रात्री ती हवा थंड झाली की तेवढी वाफ धरू शकत नाही आणि पानांवर, फळांवर, छताच्या आतल्या बाजूला दव धरतं. त्यात आम्ही स्वतः ओली करून ठेवलेली पानं. बुरशीला जे हवं होतं ते मी दर चौथ्या दिवशी माझ्या हाताने देत होते. हे आठवलं की अजून पोटात कालवतं.

तीन आठवड्यांत मखमली थर शेंड्याच्या खालच्या पानांपर्यंत गेला, आणि दुसरा रोग आला. पानं घाईने ओरबाडून काढल्यामुळे खोडावर देठांचे खुंट राहिले होते. त्या खुंटांवर करडी बुरशी, म्हणजे बोट्रायटिस, बसली. तिला जखम आणि सुकत चाललेला भाग फार आवडतो. खुंटावरून ती खोडात उतरली आणि त्याच्या वरचं झाड सुकलं. हिरव्या फळांवर फिकट वलयं उमटली.

फोन केला तर उत्तर, "डोस दुप्पट करा." आठवड्याने, "तुमचं पाणी जड आहे." मग, "सोबत कार्बेन्डाझिम एकाच पंपात मिसळून मारा." हे रासायनिक बुरशीनाशक. त्यानंतर फोन लागेना.

शेवटी ओळखीतून वनस्पतीरोगशास्त्र शिकवणाऱ्या एका मॅडमकडे पानं आणि एक कॅन घेऊन गेले. त्यांनी पान उलटून भिंगाखाली पाहिलं आणि दोन मिनिटांत रोगाचं नाव सांगितलं. कॅनमधलं द्रावण बटाट्याच्या अर्काच्या माध्यमावर पसरून ठेवलं. जिवंत ट्रायकोडर्मा असता तर चार-पाच दिवसांत बशीत हिरवा थर आला असता. आठवड्यानंतरही ट्रायकोडर्माचा मागमूस नव्हता. त्या म्हणाल्या, "कार्बेन्डाझिम ट्रायकोडर्मालाच मारतं. जिवंत बुरशी विकणारा माणूस ते एकत्र मिसळायला सांगेल का?" हा प्रश्न मला सुचायला हवा होता. ट्रायकोडर्मा ही चांगली गोष्ट आहे, तिला मी दोष देत नाही. लागवडीच्या वेळी मुळांजवळ दिली तर मूळकूज आणि रोपं कोलमडणं यांत तिचा उपयोग होतो. पण पानात आधीच शिरलेली मखमली बुरशी तिने बरी होईल ही अपेक्षा ठेवू नका.

आणखी एक गोष्ट मला त्यांच्याकडून कळली. अस्सल, नोंदणीकृत औषधसुद्धा हंगामभर एकटं वापरायचं नसतं. बेनोमिल हे आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत शिरून काम करणारं, बुरशीनाशक १९६०च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आलं, आणि काहीच वर्षांत त्याला न जुमानणारी करडी बुरशी हरितगृहांमध्ये सापडू लागली. म्हणून कार्यपद्धतीचा गट, म्हणजे औषध बुरशीला कसं मारतं त्यावरून ठरलेला गट, बदलत राहायचा. गटाचा क्रमांक अनेक लेबलांवर छापलेला असतो. एकच बाटली वर्षभर चालते असं सांगणारा तुमच्या पिकावर प्रतिकारक्षम बुरशी पोसायला सांगतोय. तांबेयुक्त किंवा मॅन्कोझेबसारखी स्पर्शजन्य औषधं रोग येण्याआधी पानावर असावी लागतात, आत शिरलेल्या बुरशीला ती काढू शकत नाहीत. टोमॅटोची तोडणी सतत चालू असते, तेव्हा फवारणी आणि तोडणी यांमधले दिवस लेबलवर पाहिल्याशिवाय काहीच फवारू नका. माझ्या कॅनवर ते दिवसही नव्हते. मी त्या काळात तोडलेली फळं लोकांनी खाल्ली, याची मला सगळ्यात जास्त टोचणी आहे.

पुढच्या लागवडीआधी जुन्या पिकाचा पालापाचोळा, सुतळ्यांसकट, बाहेर काढला आणि सांगाडा धुऊन घेतला, कारण या बुरशीचे बीजाणू वर्षभरही तग धरतात. मखमली बुरशीला प्रतिकारक वाण निवडला. बुरशीचे नवे प्रकार वाणाचा प्रतिकार मोडतात, म्हणून त्याच्यावरही डोळे मिटून विसंबले नाही. आर्द्रतामापक दाराशी टांगलेला होता, तो मधल्या ओळीत पानांच्या दाटीत आणला. दोन्ही जागांच्या आकड्यांत इतका फरक निघाला की आजवर मी कशाच्या भरवशावर पडदे बंद करत होते कळेना. ठिबक आता सकाळीच चालतं. मावळतीला दमट हवा बाहेर जाऊ देऊन मगच पडदे लावते. सूर्य उगवल्यावर हवा पटकन तापते आणि फळं थंडच राहतात, म्हणून त्यांच्यावर पाणी धरतं. हे टाळायला उजाडण्याआधीपासून हळूहळू ऊब देते. पानं कोरड्या सकाळी, धारदार सुरीने, खोडाला चिकटून कापतो. खुंट ठेवत नाही.

तुमच्याकडे कुणी प्रात्यक्षिक द्यायला आला, तर ओळ तुम्ही निवडा, आणि ती मधली निवडा. शेजारच्या ओळीत तेवढीच पानं काढा, तशीच हवा द्या, त्याच वेळी नुसतं पाणी फवारा. निकाल तीन आठवड्यांनी बघा. तोवर एक पैसाही देऊ नका.

माझ्याकडे दोन सीलबंद कॅन, पावती, तो दुसऱ्याच नावाचा अहवाल आणि "डोस दुप्पट करा" हा संदेश जपून ठेवलेला आहे. तक्रारीसोबत हे सगळं जोडलं आहे. बाकीचे रिकामे कॅन मी संतापाने फेकून दिले होते, आणि चौकशीला आलेल्यांनी पहिल्यांदा तेच मागितले.