तळ्याचं लायनर: बोलणं मायक्रॉनमध्ये, बिल गेजमध्ये

मायक्रॉन आणि गेज ही प्लास्टिकच्या कागदाची जाडी सांगायची दोन मापं, आणि त्यांतला फरक मला आता झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल. १०० गेज म्हणजे साधारण २५ मायक्रॉन. म्हणजे १००० गेजचा कागद भरतो २५० मायक्रॉन, एका मिलिमीटरचा जेमतेम पाव हिस्सा. अंगणात तळं करून घेताना ज्या माणसाने मला गंडवलं त्याचा मुख्य डाव या एवढ्याशा हिशेबावर उभा होता. बाकीच्या लबाड्या त्याने वरकमाई म्हणून केल्या.

ठरलं होतं ५०० मायक्रॉनचं प्लास्टिकचं लायनर, म्हणजे पाणी जमिनीत जिरू नये म्हणून खड्ड्यात अंथरायचा कागद. बिल आलं तेव्हा त्यावर आकडा दिसला १०००. मी विचारलं तर म्हणतो कसा, "ताई, तुम्ही पाचशे म्हणाला होता ना, मी हजारवालं टाकतोय. पैसे तेवढेच. घरचं काम समजून करतोय." आकडा दुप्पट आणि पैसे तेवढेच, यावर कोण भांडायला जाईल? बिलावर हजाराच्या पुढे 'गेज' असं लिहिलेलं होतंच, त्यामुळे कागदोपत्री त्याने खोटं काही लिहिलं नव्हतं. माल मात्र निम्म्या जाडीचा. या धंद्यात आणखी एक माप फिरतं, मिल. इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक मिल, सुमारे २५.४ मायक्रॉन. त्याला कुणी मिलिमीटर समजलं तर जवळजवळ चाळीसपट फसगत. तुम्ही मायक्रॉनमध्ये विचारलंत आणि समोरच्याने उत्तर दुसऱ्याच मापात दिलं, तर तिथेच थांबा आणि त्याच्याच तोंडून मिलिमीटरमध्ये वदवून घ्या.

जाडीचा एवढा बाऊ कशाला, असं वाटेल. साठ सेंटिमीटर खोल पाणी तळाच्या दर चौरस मीटरवर सहाशे किलोने दाबत असतं. खाली राहिलेला एखादा टोकदार खडा त्या दाबाने वर घुसायला बघतो. लायनर जाड असेल तर ताणतं, तग धरतं. पातळ असेल तर भोक पडतं, आणि ते दिसत नाही, कारण वर पाणी असतं, दगड असतात, गाळ असतो. तळ्याच्या कामात फसवणं सोपं जातं ते यामुळेच. रंगकाम वाईट झालं तर भिंत बोलते. इथे सगळं झाकलं जातं आणि ते झाकून टाकण्याचे पैसेही आपणच मोजतो.

आता तपासणी. मला हे सगळं नंतर एका जुन्या गवंड्याने, आमच्या मिस्त्रींनी, शिकवलं. त्यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही. लायनरचे छोटे चौकोनी तुकडे कापून एकावर एक वीस रचा आणि शाळेच्या पट्टीने मोजा. ५०० मायक्रॉनचं असेल तर चळत एक सेंटिमीटर भरेल. माझ्याकडचे तुकडे रचले तर अर्धा सेंटिमीटर. (पृष्ठभागावर खडबडीत नक्षी असेल तर हा उपाय फसतो, चळत उगाच फुगते.) दुसरा उपाय वजनाचा. ५०० मायक्रॉनचं पॉलिथिलिन एका चौरस मीटरला साधारण ४७० ग्रॅम भरतं. २५० मायक्रॉनचं त्याच्या निम्मं. रबराचं लायनर, ज्याला ईपीडीएम म्हणतात, एक मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे सव्वा किलोच्या आसपास जातं. घडी घरच्या वजनकाट्यावर ठेवा, क्षेत्रफळाने भागा, झालं. आणि 'रबर आहे' म्हणून प्लास्टिक गळ्यात मारत असेल तर एक तुकडा बादलीत बुडवून, वरचे बुडबुडे पुसून सोडून द्या. पॉलिथिलिन पाण्यापेक्षा हलकं, ते वर येतं. तळ्यासाठीचं रबर आणि पीव्हीसी तळाला जातात.

नमुन्याबद्दलही सांगायला हवं. त्याने मला दाखवलेला तुकडा खरंच जाड, काळा, रबरासारखा मऊ होता. हात लावून बघा म्हणाला, ओढून बघा म्हणाला. बघून झाल्यावर तुकडा परत घेऊन पिशवीत ठेवला. नमुना आपल्याकडे राहू द्यायला जो खळखळ करतो, त्याचा माल नमुन्यासारखा नसतो हे नक्की समजा. माल आला तेव्हा घडी गोणपाटात शिवलेली होती आणि ती उलगडली गेली थेट खड्ड्यात, मी घरात नसताना.

दुसरी लबाडी मोजमापाची. माझं तळं ३ मीटर लांब, २ मीटर रुंद, ६० सेंटिमीटर खोल. लायनरचा हिशेब फार सोपा असतो: लांबीत खोलीची दुप्पट मिळवायची आणि दोन्ही कडांना तीस-तीस सेंटिमीटर जादा धरायचे. ३ अधिक १.२ अधिक ०.६, म्हणजे ४.८ मीटर. रुंदीला तसंच ३.८. एकूण सव्वाअठरा चौरस मीटर. त्याने बिल लावलं २६ चौरस मीटरचं. तळ वेगळा मोजला, चारी भिंती वेगळ्या, झाडांच्या कुंड्या ठेवायच्या पायऱ्या वेगळ्या, वर 'घड्यांसाठी' म्हणून आणखी काही. ऐकायला पटतं, कारण खड्ड्याकडे पाहिलं की पायऱ्या दिसतात आणि पायरीला कागद जास्त लागेल असं वाटतं. पण जिन्याचा विचार करा: पायऱ्या कितीही असोत, आडव्या भागांची बेरीज लांबीएवढीच होते आणि उभ्या भागांची खोलीएवढी. पायऱ्यांनी एक इंचही वाढत नाही. भिंती उतरत्या असतील तर उलट थोडं कमीच लागतं. मी हे त्याला विचारलं तेव्हा त्याचं उत्तर होतं, "ताई, ते पुस्तकातलं झालं."

त्या जादा धरलेल्या कागदाचं काय झालं? तो आलाच नाही. उलट जो आला तो दोन तुकड्यांत. व्हॉट्सॲपवर त्याने स्वतः 'सिंगल पीस, विदाउट जॉइंट' असं लिहिलं होतं, आणि दगड उचलल्यावर पायरीच्या कडेला सांधा सापडला, खोकी चिकटवायच्या टेपसारख्या टेपने चिकटवलेला. पॉलिथिलिनला साधा गोंद किंवा टेप धरतच नाही. त्याचे सांधे उष्णतेने वितळवून जोडावे लागतात, निदान त्यासाठीची खास ब्यूटाइल पट्टी तरी लागते. पीव्हीसीला द्रावणाचा गोंद चालतो, रबराला प्रायमर आणि सांध्याची टेप. जो कारागीर तिन्हींना एकच ट्यूब वापरतो त्याला तळ्यातलं काही कळत नाही, किंवा सगळं कळतं.

लायनरखाली जाड नमद्यासारखं कापड घालायचं असतं, न विणलेलं जिओटेक्सटाइल. बिलात ते ३०० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरमागे ३०० ग्रॅम वजनाचं होतं. प्रत्यक्षात खाली निघाली जुनी पोती. ओल लागून कुजलेली, वास मारणारी. याची खूण खरं तर आधीच मिळाली होती. तळाशी लायनरला मोठे फुगे यायला लागले होते. हाताने दाबला की एकीकडचा फुगा दुसरीकडे जायचा. तो म्हणाला, हवा आहे, बसेल हळूहळू. पोत्यांसारखी सेंद्रिय वस्तू खाली कुजली की वायू धरतो आणि लायनर वर उचलतो, हे मिस्त्रींनी सांगितलं तेव्हा कळलं. असा फुगा दिसला की हवा-बिवा ऐकून घेऊ नका. कधी कधी भूजल वर चढल्यानेही फुगतं, पण कारण कुठलंही असो, खाली बघावंच लागतं.

कडांचं काम तर बघण्यासारखं होतं. लायनर आधी खड्ड्यात सैल सोडायचं, पाणी भरत जायचं, भरता भरता घड्या बसवायच्या, आणि पाणी पूर्ण वर आल्यावरच कडेचा जादा भाग कापायचा, हा क्रम. पाण्याचं वजन लायनरला खाली ओढतं म्हणून. याने आधी छान सरळ कापून घेतलं, फोटो काढला, मग पाणी सोडलं. एका बाजूने लायनर आत सरकलं आणि कडेवर चार बोटंही उरलं नाही. त्यावर त्याने सपाट दगड मांडले, दगड मातीवर टेकलेले आणि लायनर त्यांच्या आतल्या बाजूला लोंबतंय. दुसऱ्या बाजूला खड्ड्याची कडच खाली होती. लेव्हल पाईप त्याच्याकडे नव्हताच, नजरेने काम. नजर चुकली तरी पाणी चुकत नाही: एका टोकाला हातभर काळं प्लास्टिक उघडं आणि दुसऱ्या टोकाला पाणी कडेवरून बाहेर.

तर पाणी उतरायला लागलं. पहिलं उत्तर, बाष्पीभवन. हे उत्तर प्रत्येक ठेकेदार देतो आणि ते अर्धं खरं असतं. उन्हाळ्यात, वारा असेल तर, दिवसाला पाच-दहा मिलिमीटर पाणी सहज उडतं, धबधबा लावला असेल तर आणखी. म्हणून वाद घालत बसू नका, बादली ठेवा. तळ्याच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली अशी ठेवायची की आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी साधारण एका पातळीला येईल. दोन्हीवर खूण करायची, पंप बंद ठेवायचा, चोवीस तासांनी बघायचं. बादलीतलंही तेवढंच उतरलं असेल तर ऊन. तळं जास्त उतरलं असेल तर गळती. माझ्या बादलीत पाणी नखभर उतरलं होतं आणि तळ्यात वीतभर. पंप चालू असतानाच पातळी उतरत असेल आणि बंद केल्यावर थांबत असेल तर दोष धबधब्यात किंवा नळीत असतो, तळ्यात नाही. माझं बंद पंपानेही उतरतच होतं, आणि मग एका जागी थांबलं. ते जिथे थांबतं तिथेच किंवा किंचित वर भोक असतं, त्यामुळे शोधायला तेवढाच पट्टा पुरतो. माझं थांबलं बरोबर पायरीच्या कडेला, सांध्यावर.

बादलीचा फोटो पाठवल्यावर बाष्पीभवन गेलं आणि कमळाची मुळं आली. मग कुत्र्याची नखं आली. आमच्याकडे कुत्रा नाही.

दुरुस्तीच्या नावाखाली तो पुन्हा पैसे मागायला लागला, तेव्हा दोन गोष्टी सुचवल्या. एक पावडर, पाण्यात टाकली की भोक आपोआप बुजवणारी. ही बेंटोनाइट माती असते. ती पाण्यात फुगते आणि मातीच्या तळ्याला पाझर कमी करायला खरोखर उपयोगी पडते, पण प्लास्टिकच्या फाटलेल्या सांध्यावर ती टाकून उपयोग शून्य. ते मी नाकारलं. दुसरी गोष्ट त्याने न विचारता केली: पायरीवर सिमेंटचा हात मारला. सिमेंट प्लास्टिकला धरत नाही, दोन दिवसांत पापुद्रे निघतात. पण त्याहून वाईट म्हणजे ओल्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो आणि पीएच दहाच्याही वर चढू शकतो. माशांना साधारण सात ते साडेआठ मानवतं. मासे वर येऊन तोंड उघडायला लागले तेव्हा त्यांना टबात काढलं म्हणून वाचले. सिमेंटचं तळं करायचंच असेल तर ते पाणी भरून, ओतून, पुन्हा भरून धुवावं लागतं किंवा वरून योग्य लेप द्यावा लागतो, आणि पीएच तपासूनच मासे सोडायचे. हे न सांगता जो सिमेंट काढतो त्याला हाताला धरून फाटकाबाहेर घालवा.

पैशांचं शेवटी असं झालं. सांध्याचे आणि जादा लावलेल्या क्षेत्रफळाचे पैसे त्याने परत केले, कारण एकाबद्दल त्याचाच मेसेज होता आणि दुसरं मी टेप धरून त्याच्यासमोर मोजलं. पोत्यांचेही थोडे दिले, कुरकुर करत. जाडीचे दिले नाहीत. तिथे तो निवांत होता: बिलावर १००० गेज, खड्ड्यात १००० गेज, बोला. तक्रार करायला धरून बसावं असं माझ्या हातात काहीच नव्हतं.

म्हणून बिलावर काय असावं ते लिहिते, तसंच्या तसं लिहून घ्या. मालाचं नाव: पॉलिथिलिन, पीव्हीसी की ईपीडीएम. जाडी मिलिमीटरमध्ये. लांबी आणि रुंदी वेगवेगळी, नुसते चौरस मीटर नकोत. घडीचं एकूण वजन किलोत. 'अखंड, सांधा नाही' हे शब्द. खालच्या कापडाचा जीएसएम. शेवटचा मोठा हप्ता तळं भरून, कडेचे दगड मांडण्याआधी, बादलीची चाचणी झाल्यावर. यातल्या वजनाच्या ओळीवर पुढचा माणूस अडला, "वजन कोण लिहितं ताई," म्हणाला, आणि मी त्याला चहा न विचारता वाटेला लावलं. त्यानंतर आला त्याने काही न बोलता काटा मागवला.