अश्वगंधा मागितली तर आधी गोळ्या विचारणारं दुकान, शहापूर बेळगाव

उद्यमबागला फौंड्रीत कामाला आहे मी. मागच्या वर्षी ऑर्डरी कमी झाल्या, कोण राहणार कोण जाणार अशी कुजबुज सुरू झाली नि तेव्हापासून रात्री तीनला जाग यायची, छातीत धडधड, मग उजाडेपर्यंत पंख्याकडं बघत पडायचं. डॉक्टरांनी ईसीजी काढला, नॉर्मल आला, टेन्शन आहे म्हणाले. मग मीच शहाणपणा करून ऑनलाईन अश्वगंधाच्या कॅप्सूल मागवल्या. डबीवर मूळ वापरलंय की पान काहीच लिहिलेलं नाही, चार दिवसांत मळमळ नि जुलाब, बंद केल्या.

नंतर एका दोस्तानं शहापुरातल्या या काष्ठौषधींच्या दुकानात पाठवलं. जुनं लाकडी कपाट, प्रत्येक खणावर मराठीत नि कन्नडमध्ये चिठ्ठी, अश्वगंधाच्या खणावर खाली 'हिरेमद्दु' लिहिलंय. मी पावशेर मागितली तर काकांनी तराजूला हातच लावला नाही. "कुणाला पाहिजे ओ? बीपी, शुगर, थायरॉईड, झोपेची गोळी काय चालू आहे काय?" मला काहीच नाही म्हटल्यावर मूळ काढून हातात दिलं. बोटाएवढं, बाहेरून मातकट, मोडलं तर कट्ट आवाज नि आत पिठासारखं पांढरं, वास घोड्याच्या घामासारखा उग्र, नाव उगीच नाही पडलं. मूळच घ्यायचं, पानं नाही, असं काका बजावून सांगतात, आयुष मंत्रालयानंही २०२१ मध्ये कंपन्यांना पानं वापरू नका असंच कळवलंय.

मी म्हटलं आईलापण झोप नाही, तिच्यासाठीपण बांधा. तिची थायरॉईडची गोळी चालू आहे हे ऐकलं नि पुडी बांधता बांधता थांबले, "आईंना नको, डॉक्टरांना विचारून या आधी." मला थोडा रागच आला खरं सांगायचं तर, गिऱ्हाईक कोण परत पाठवतं? पण आमच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं, अश्वगंधानं थायरॉईडचं हार्मोन वाढू शकतं, वर गोळी चालूच, म्हणजे धडधड कमी व्हायची सोडून वाढायची. आईला दिली नाही. त्या एका नकारासाठी मी या दुकानाचा कायमचा झालो.

मला किती घ्यायची ते शहापुरातल्याच आयुर्वेद कॉलेजच्या हॉस्पिटलात विचारून घेतलं. ३ ग्रॅम चूर्ण, रात्री कोमट दुधातनं, ८ आठवडे, मग बंद. कॅप्सूलमध्ये बहुतेक करून अर्क असतो, तो वजनाला वजन चूर्णापेक्षा तेज, त्यामुळं दोन्ही एकत्र किंवा अंदाजानं घेऊ नका. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली तर त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडं जायचं, लिव्हरला त्रास झालेल्या केसेस आहेत. पोटुशी बाईला तर अजिबात नको, झोपेच्या गोळीबरोबर किंवा दारूबरोबरपण नको. बीपी शुगरवाल्यांनी आपल्या डॉक्टरांना सांगूनच, कारण दोन्ही आणखी खाली येऊ शकतात, नि ऑपरेशन ठरलं असेल तर तेपण आधी सांगायचं.

फरक म्हणाल तर पहिले दोन आठवडे काहीच नाही. तिसऱ्या आठवड्यात एकदा जाग आली ती एकदम पावणेसहाला, बायको म्हणाली आज घोरत होतास. काळजी होतीच, नोकरीचं टेन्शन मुळीनं जाणार कसं, पण छातीतली धडधड कमी झाली. सकाळी जरा सुस्ती असायची म्हणून ते दिवस गाडी न घेता बसनं गेलो.

तक्रारी दोन. मूळ दळून मागितलं तर दोन दिवस थांबावं लागतं, नि बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, पुडीवर तारीखपण नसते, ती मीच पेनानं लिहून घेतो. पार्किंगचं तर विचारूच नका. पाचातले साडेचार. जाताना घरातल्या चालू गोळ्यांच्या चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये घेऊन जा, काका मागतातच.