मायट्रल स्टेनोसिसमध्ये ठोके आवरताना: मेटोप्रोलॉल की एस्मोलॉल?

मायट्रल स्टेनोसिस म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप अरुंद होणं. रात्रीच्या कॅज्युअल्टीत ही केस ओळखीची असते. तिशीतली बाई, कधी गरोदर, दम इतका की आडवं होता येत नाही, मॉनिटरवर १६०च्या घरात एएफ (एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे अनियमित ठोके). ऑक्सिजन, लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढणारं) सगळेच देतात. पण अरुंद झडपेतून लेफ्ट एट्रियम (हृदयाचा वरचा डावा कप्पा) रिकामं व्हायला वेळ लागतो, आणि नेमका तोच वेळ धावत्या नाडीने खाल्लेला असतो. मेटोप्रोलॉल आणि एस्मोलॉल ही दोन्ही ठोके मंदावणारी बीटा ब्लॉकर इंजेक्शनं. मग ट्रेमधून उचलायचं काय?

मेटोप्रोलॉल स्वस्त, आणि हिशेबाची कटकट नाही. ५ मिग्रॅ दोन मिनिटांत, पाच-पाच मिनिटांनी पुन्हा, एकूण १५ पर्यंत. एकाच सिस्टरवर वॉर्ड चालतो त्या रात्री हे काही थोडं नाही.

माझं बिनसलं ते एवढ्यावरून की, दिलेलं मागे घेता येत नाही. दुसऱ्या अँप्यूलनंतर एका पेशंटची नाडी छान ९० वर आली, पण बीपीही ८० वर, हातपाय गार. आणि या औषधाची हाफ-लाइफ (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) तीन ते सात तास! पहाटेपर्यंत मी स्टुलावर बसून दर पाच मिनिटांनी कफ फुगवत होतो. नवरा पडदा सरकवून विचारायचा, "साहेब, उतरलं का?" काय उतरलं म्हणून सांगणार? बाई सावरली, पण तेव्हापासून माझा हात आपसूक एस्मोलॉलकडे जातो. नऊ मिनिटांत निम्मं संपतं. बीपी घसरला की औषध सोडणारा पंप बंद करायचा.

त्याचाही जाच आहेच. ५० किलोच्या पेशंटला आधी २५ मिग्रॅ, म्हणजे अडीच मिली, एका मिनिटात. मग मिनिटाला किलोमागे ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे ताशी १५ मिली. दहा मिलीची वायल, तासाला दीड. नातेवाइकांना मेडिकलवर किती वेळा पिटाळणार? सिरिंज पंप नसेल तर माझं ऐकू नका, मेटोप्रोलॉलच द्या, पण अडीच-अडीच मिग्रॅने.

जुना दमा असेल तर दोन्ही बाद. तिथे डिल्टियाझेम (ठोके मंदावणारं, पण वेगळ्या गटातलं), फ्रिजची किल्ली कोणाकडे आहे ते सापडलं तर. बीपी आधीच कोसळलेला असेल तर इंजेक्शनांच्या नादी न लागता सरळ डीसी शॉक. आणि सिरिंज भरण्याआधी अर्धा मिनिट एको (हृदयाची सोनोग्राफी) प्रोब टेकवाच: एओर्टिक झडप जोरात गळत असेल तर ठोके उतरवणंच अंगाशी येतं, मग औषध कुठलंही असो.