महिन्याला हजार रुपये: बेघरांसाठी काम करणाऱ्या कोणत्या संस्थेला?

दिवाळीचा बोनस हातात पडला की, किंवा मार्चमध्ये करबचतीची घाई सुरू झाली की, ओळखीपाळखीतून एक प्रश्न येतोच: “रस्त्यावर राहणाऱ्या लोकांसाठी दर महिन्याला थोडंफार द्यायचंय, एखादी चांगली संस्था सांग ना.” नाव सांगून मोकळं होता येतं. पण ‘रस्त्यावर राहणारे लोक’ म्हणजे नेमकं कोण, हे ठरल्याशिवाय नाव सांगण्यात अर्थ नसतो.

दक्षिण मुंबईत पिढ्यानपिढ्या फुटपाथवर संसार करणारी पारधी कुटुंबं बेघर आहेत. मनाचा तोल जाऊन हजार किलोमीटर भटकत आलेला, जटा वाढलेला तरुण बेघर आहे. घरातून पळून कल्याणच्या फलाटावर उतरलेला मुलगा, मुलांनी बाहेर काढल्यावर देवळाच्या पायरीवर बसणारी आजी, टाटा रुग्णालयाबाहेर परळच्या पदपथावर पथारी टाकलेला पेशंट आणि त्याचे नातेवाईक, हेही बेघरच. २०११च्या जनगणनेने देशात सुमारे १७.७ लाख बेघर मोजले. त्यातले सुमारे २.१ लाख महाराष्ट्रात होते, म्हणजे उत्तर प्रदेशाखालोखाल. या सगळ्यांची गरज एक नाही. गाडगेबाबांच्या दशसूत्रीतही भुकेलेल्यांना अन्न, बेघरांना आसरा, रोग्यांना औषधोपचार आणि बेकारांना रोजगार ही वेगवेगळी कलमं आहेत. देताना आपण मात्र सगळं एकाच पाकिटात कोंबतो, आणि त्या पाकिटात बहुतेक वेळा खिचडी असते.

म्हणून अन्नापासूनच सुरुवात करू. माझं मत आधीच सांगतो: शहरात राहत असाल आणि फक्त पैसेच देणार असाल, तर अन्नवाटप यादीत सगळ्यात शेवटी ठेवा. भूक खोटी आहे असं म्हणायचं नाही. पण अन्न द्यायला माणसं आपोआप पुढे येतात. मंगळवारी गणपतीबाहेर, शनिवारी मारुतीबाहेर, पितृपक्षात आणि कुणाच्याही वाढदिवसाला पाकिटं येतातच. एका जागी चारचार जण वाटून जातात आणि तिथून दोन चौक पलीकडे, उड्डाणपुलाखाली, कुणी फिरकत नाही. त्यामुळे अन्नाच्या कामात पैशापेक्षा नियोजन आणि हात कमी पडतात. रॉबिन हूड आर्मी हा २०१४ला दिल्लीत सुरू झालेला स्वयंसेवकांचा गट पैसे घेतच नाही. हॉटेलं आणि समारंभांत उरलेलं चांगलं अन्न उचलायचं आणि नेऊन द्यायचं, एवढंच त्यांचं काम. मुंबईचे माजी पोलिस आयुक्त डी. शिवानंदन यांच्या पुढाकाराने सुरू झालेली रोटी बँकही उरलेल्या अन्नाचा असाच मार्ग लावते. तुमच्याकडे रविवारची संध्याकाळ आणि दुचाकी असेल, तर अशा गटात जा. हजार रुपये दुसरीकडे लागतील.

चादरी-ब्लँकेटांचंही तेच. डिसेंबरात वाटायला उत्साह असतो, पण ती दिवसा ठेवायची कुठे? अतिक्रमणाची गाडी आली की बोचकं जातं, आणि जानेवारीत माणूस पुन्हा उघडा. ब्लँकेट द्यायचंच असेल तर निवारा केंद्रात द्या. तिथे निदान ते धुतलं जातं.

कर्जत की शिंगवे?

खरी निवड करावी लागते ती मानसिक आजाराने रस्त्यावर आलेल्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांमध्ये. महाराष्ट्रात यातली दोन नावं ठळक आहेत आणि दोघांची रीत पूर्ण वेगळी आहे.

पहिली, डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांची श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन. हे दोघं मनोविकारतज्ज्ञ. एक तरुण नारळाच्या करवंटीने गटाराचं पाणी पिताना दिसला. त्याला दवाखान्यात आणून उपचार केले, तर तो आंध्रातला बी.एस्सी. झालेला, प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा डिप्लोमा असलेला मुलगा निघाला. त्यातून १९८८ला संस्था उभी राहिली. २००६ला कर्जतचं केंद्र सुरू झालं आणि २०१८ला डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रीत अशी: रस्त्यावरून आणायचं, आंघोळ-दाढी-जेवण, मग औषधं. काही आठवडे-महिन्यांत माणूस नाव-गाव सांगू लागतो. मग संस्थेचा कार्यकर्ता त्याला सोबत घेऊन रेल्वेने त्याच्या गावी जातो. बिहार असो की तमिळनाडू, घराचं दार उघडेपर्यंत. आजवर हजारो माणसं अशी घरी पोचली आहेत.

दुसरी, अहिल्यानगरजवळ शिंगवे नाईक इथली डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांची माऊली सेवा प्रतिष्ठान. इथे फक्त बायका आणि त्यांची मुलं. मनोरुग्ण बाई रस्त्यावर असते तेव्हा तिच्या वाट्याला काय येतं, हे वेगळं सांगायला नको. इथे आलेल्यांत अत्याचारातून गरोदर राहिलेल्या आहेत, एचआयव्हीची लागण झालेल्या आहेत. बहुतेकींना परत जायला घर नाही, किंवा घर आहे आणि त्याला ती नको आहे. म्हणून माऊली हेच त्यांचं कायमचं घर. त्यांची मुलंही तिथेच वाढतात.

देणगीदाराच्या नजरेने पाहिलं तर फरक सरळ आहे. श्रद्धाचा एका माणसावरचा खर्च बऱ्याच अंशी संपणारा आहे: उपचार, तिकीट, घर. गोष्टीला शेवट आहे आणि तो सुखाचा आहे, म्हणून ती देणगीदारांना भावते. माऊलीचा खर्च संपतच नाही. डाळ-तांदूळ, साबण, सॅनिटरी पॅड, झटक्याच्या गोळ्या, मुलांची फी, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. अशा कामाला एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा न चुकता येणारी छोटी रक्कम जास्त उपयोगी पडते, कारण किराणा दर महिन्यालाच भरावा लागतो. म्हणून महिन्याचा हप्ता द्यायचा असेल तर माझा कल माऊलीसारख्या कायम सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे. बोनसमधून एकदाच दहा-पंधरा हजार द्यायचे असतील, तर श्रद्धासारखी पुनर्भेट घडवणारी संस्था निवडा.

दोघांनाही अडचणीचे प्रश्न विचारायला हरकत नाही. घरी पोचवणाऱ्यांना विचारा की नंतर औषधांचं काय होतं. स्किझोफ्रेनियात गोळ्या थांबल्या तर आजार उलटण्याची भीती मोठी, आणि गरीब घरात गोळ्याच आधी थांबतात. कायम सांभाळणाऱ्यांना विचारा की संस्थापकांनंतर कारभार कोण पाहणार. एका जोडप्याच्या जिवावर चाललेल्या कोणत्याही कामाला हा प्रश्न लागू होतो, आणि चांगल्या संस्था त्याचा राग मानत नाहीत.

इथे एक गोष्ट देणगीशिवायची. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातलं कलम १०० सांगतं की भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षणात घेणं आणि २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्यसंस्थेत नेणं हे पोलिस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचं काम आहे. असा माणूस दिसला तर ११२ला फोन करा आणि कलमाचा आकडा सांगा.

आपल्याच शहरातला निवारा

मॅगसेसे मिळालेल्या संस्थेला कंपन्यांचा सामाजिक कामासाठीचा (सीएसआर) निधी शोधत येतो. तुमच्या शहरातल्या बेघर निवारा केंद्राकडे सहसा कुणी जात नाही, कारण ते ‘महापालिकेचं’ वाटतं. प्रत्यक्षात जागा महापालिकेची आणि चालवणारी स्थानिक संस्था, अशी रचना बऱ्याच ठिकाणी असते. सांगलीत इन्साफ फाउंडेशनने चालवलेलं सावली निवारा केंद्र हे त्याचं उदाहरण. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून आलेला निकष आहे की शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा, वर्षभर चोवीस तास उघडा असा एक निवारा हवा. २०११च्या लोकसंख्येवर मुंबईला त्या हिशेबाने सव्वाशेच्या आसपास लागतात. आहेत ते त्याच्या जवळपासही नाहीत. त्यातही एकट्या पुरुषांसाठी जागा असते. नवरा-बायको-मुलं एकत्र राहतील असे निवारे विरळा, म्हणून कुटुंबं फुटपाथ सोडत नाहीत.

अनुदान आलं तर पगार आणि वीजबिल निघतं. अडतं ते चष्म्यासाठी, रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी, गावी जायच्या तिकिटासाठी. थेट जाऊन काळजीवाहकाला विचारा, “या महिन्यात काय कमी आहे?” उत्तर बहुतेक वेळा तुम्ही मनात धरून गेलेलं नसतं.

याच प्रकारात कागदपत्रांचं काम येतं आणि ते मला सगळ्यात दुर्लक्षित वाटतं. पत्ता नाही म्हणून आधार नाही, आधार नाही म्हणून रेशन नाही, बँक नाही. खरं तर वाट आहे. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचं प्रमाणपत्र आधारसाठी चालतं. मतदार यादीसाठी तर पत्त्याचा कागदही लागत नाही: मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री जाऊन, आणि तेही एकाहून जास्त रात्री, तो माणूस तिथेच झोपतो याची खात्री केली की पुरे. पण हे घडवून आणायला कुणीतरी फॉर्म भरून कार्यालयात खेटे घालावे लागतात. मुंबईत ‘पहचान’सारख्या संस्था हे करतात. या कामाचा फोटो निघत नाही, म्हणून देणगीही येत नाही. हजारातले तीनशे इथे द्यावेत असं मी आवर्जून सांगतो.

पायरीवरचा दवाखाना आणि फलाटावरची मुलं

पुण्यात डॉ. अभिजित सोनवणे आणि डॉ. मनीषा सोनवणे यांची सोहम ट्रस्ट आहे. देवळं, मशिदी, चर्च यांच्याबाहेर भीक मागणाऱ्यांवर जागेवरच उपचार आणि मग त्याच माणसाला काहीतरी काम लावून देणं, असा त्यांचा मार्ग. वजनकाटा घेऊन बसणं, फुलं विकणं, झालंच तर आज्यांची ‘खराटा पलटण’ करून सार्वजनिक जागा झाडून घेणं. भिक्षेकऱ्याचा कष्टकरी व्हावा, हा हेतू. दान देऊन आपण भीक तर वाढवत नाही ना, अशी शंका ज्यांना छळते, त्यांनी इथे द्यावं. महाराष्ट्रात १९५९चा भीक प्रतिबंधक कायदा अजून आहे. त्यात पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरीगृहात ठेवता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ला दिल्लीपुरती त्यातली मुख्य कलमं रद्द केली, पण आपल्याकडे टांगती तलवार कायम आहे. तेव्हा काम मिळवून देण्याला इथे पोटाइतकंच सुरक्षिततेचंही मोल आहे.

फलाटावरच्या मुलांसाठी ठाण्याची समतोल फाउंडेशन आहे. मुलांना गाठून, काही काळ ठेवून, घरी पोचवते. मुलांच्या बाबतीत एकच पक्की कसोटी लावा: सापडलेलं मूल २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे हजर करणं कायद्याने बंधनकारक आहे. हे न करता मुलं ‘सांभाळणाऱ्या’ कुणालाही, तो कितीही साधुपुरुष वाटला तरी, पैसे देऊ नका. असं मूल दिसलं तर १०९८ या बाल हेल्पलाइनला फोन करा.

पावती फाडण्याआधी

संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे ना आणि दरवर्षी हिशेब दाखल करते ना, हे पाहा. मनोरुग्णांना ठेवून घेणारी असेल तर मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदणी विचारा. फेसबुकवर रडणाऱ्या म्हाताऱ्यांचे जवळून घेतलेले चेहरे रोज टाकणाऱ्या, आणि खाली ट्रस्टऐवजी व्यक्तीचा यूपीआय देणाऱ्या पानांपासून मी चार हात लांब राहतो. ज्याचा फोटो आहे त्याने होकार दिला असेल, असं मानायला काही कारण नसतं.

कराचं थोडक्यात: देणगीवरची आयकर सवलत (१९६१च्या कायद्यातलं कलम ८०जी) जुन्या करपद्धतीतच मिळते, साधारणतः देणगीच्या निम्म्या रकमेवर. दोन हजारांवरची रोख देणगी आणि वस्तुरूप देणगी त्यात धरत नाहीत. वर्षाला बारा हजार दिले आणि वीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर वाचतात साधारण साडेबाराशे. पावतीबरोबर आयकरासाठीचं देणगी प्रमाणपत्रही मागून घ्या. नवीन करपद्धत निवडली असेल तर ८०जी आहे की नाही, यावरून संस्था निवडण्याचं कारणच उरत नाही. उलट, ती नोंदणी नसलेल्या पण गल्लीतल्या, डोळ्यांसमोरच्या छोट्या संस्थेला द्यायला तुम्ही मोकळे.

हजाराची माझी विभागणी विचाराल तर सहाशे कायम सांभाळणाऱ्या एका संस्थेला, बँकेला सांगून दरमहा आपोआप जातील असे. तीनशे कागदपत्रांच्या कामाला. आणि शंभर साठवून वर्षातून एकदा जवळच्या निवाऱ्यात, काळजीवाहक सांगेल त्या वस्तूसाठी. हजारच्या जागी दोनशेच जमत असतील तर वाटू नका, एकाच ठिकाणी द्या.

परदेशातल्या मराठी वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट. पासपोर्ट भारतीय असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असाल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. कोणत्याही नोंदणीकृत संस्थेला देता येते. नागरिकत्व बदललं असेल, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगी ठरते. मग संस्थेकडे परदेशी देणगी घेण्याची, म्हणजे एफसीआरए कायद्याखालची नोंदणी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या तिच्या ठरलेल्या खात्यातच गेले पाहिजेत. गावाकडच्या छोट्या संस्थांकडे हे बहुधा नसतं. अशा वेळी त्यांच्या नेहमीच्या खात्यात पैसे टाकून त्यांना नोटिशीच्या तोंडी देऊ नका. भारतातल्या भावाबहिणीला त्यांच्या स्वतःच्या पैशातून देणगीदार व्हायला सांगा, किंवा एफसीआरए असलेली संस्था निवडा.