चेवनिंग ही ब्रिटिश सरकारची स्कॉलरशिप मिळवून देतो म्हणाला आणि माझे २ लाख ३५ हजार गेले

मी बीड जिल्ह्यातली. एमएसडब्ल्यू झालं आणि चार वर्षं ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांसोबत एका संस्थेत काम केलं. परदेशात जाऊन जेंडर अँड डेव्हलपमेंटमध्ये मास्टर्स करायचं हे डोक्यात आलं ते त्या कामातूनच. २०१९ ला नीलम गोऱ्हेंच्या समितीसमोर आकडे आले, जिल्ह्यात ऊसतोडीच्या ८२,३०९ बायकांची माहिती घेतली तर १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीत एक दिवस बसून राहिलं तरी खाडा लागतो, म्हणजे पैसे कापले जातात, उचल म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम फिटत नाही, आणि नवरा-बायको दोघं राबून हिशोबात कोयता, म्हणजे मजुराचं एकक, एकच. हा प्रश्न नुसता दवाखान्याचा नाहीये, तो नीट शिकून समजून घ्यायचा होता मला. इंग्लंडमध्ये ससेक्सच्या आयडीएस या विकास अभ्यासाच्या संस्थेत हा विषय आहे, अजून दोन युनिव्हर्सिट्या मी शोधून ठेवलेल्या.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये एका कन्सल्टन्सीवाल्याकडे गेले, नाव लिहीत नाही कारण केस चालू आहे. तो म्हणाला, ताई तुमचं काम ग्राउंडवरचं आहे, अशा मुलींसाठी चेवनिंगमध्ये वेगळा कोटा असतो, तुम्हाला इंटरव्ह्यूपण द्यावा लागणार नाही. तिथेच उठायला पाहिजे होतं. चेवनिंगला असा कोटा नाही, एजंट नाही, फॉर्मला एक रुपया लागत नाही आणि इंटरव्ह्यूशिवाय ती कोणालाच मिळत नाही. खरं सांगते, दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, शिकून झाल्यावर दोन वर्षं भारतात राहावं लागतं, एवढं मी वाचलेलं होतं. पण लीडरशिप, नेटवर्किंग असले इंग्रजीतले एसे लिहायचे म्हटलं की माझा हात थरथरायचा, त्याने ते पाच मिनिटांत ओळखलं. "एसे आमच्यावर सोडा." रजिस्ट्रेशनचे ३५ हजार घेतले, मग प्रोसेसिंगचे ६० हजार. माझ्या नावाने काय लिहिलंय ते दाखवा असं मी म्हणाले तर म्हणे कॉन्फिडेन्शियल असतं.

फेब्रुवारीत व्हॉट्सअॅपवर लेटर आलं. वर ब्रिटिश सरकारचं बोधचिन्ह, खाली सही, आणि महिन्याचा स्टायपेंड लिहिलेला होता डॉलरमध्ये. इंग्लंडची स्कॉलरशिप आणि डॉलर! मी तो आकडा रुपयांत किती होतो हेच बघत बसले, आईला दाखवलं, आई शेजारच्या काकूंना सांगून आली. मुलाखती मार्च-एप्रिलला असतात आणि निकाल जूनच्या आसपास लागतो, मग फेब्रुवारीत लेटर कसं येईल हा विचार शिवलाच नाही.

मग म्हणाला सीएएस, म्हणजे व्हिसासाठी लागणारं युनिव्हर्सिटीचं प्रवेशाचं पत्र, निघायला युनिव्हर्सिटीचं डिपॉझिट भरायचंय, १ लाख ४० हजार, नंतर रिफंड होतं. ज्याची फी पूर्ण स्कॉलरशिपमधून जाते त्याने डिपॉझिट कशाला भरायचं? आणि भरायचं असलं तरी ते थेट युनिव्हर्सिटीकडे जातं. मला जे खातं दिलं ते कुठल्यातरी ट्रेडर्सच्या नावाचं होतं. आईने तिच्या बचत गटातून ४० हजार उचलले, बाकी माझे साठवलेले आणि भावाचे. सह्या करायला मी आईसोबत गेलेले. गटातल्या बाया म्हणाल्या पोरगी आपल्यातली आहे, द्या.

संशय आला तो पुढच्या मागणीने. व्हिसासाठी २८ दिवस खात्यात पैसे दिसावे लागतात, ते आम्ही टाकतो, तीन टक्के द्या म्हणाला. त्या रात्री मी पहिल्यांदा स्वतः नियम वाचत बसले. व्हिसाच्या अर्जात खोटेपणा सापडला तर १० वर्षांची बंदी येऊ शकते. छातीत धस्स झालं. सकाळी युनिव्हर्सिटीच्या वेबसाइटवरून अॅडमिशन ऑफिसचा पत्ता काढून लेटरवरचा माझा रेफरन्स नंबर पाठवला, दोन दिवसांनी उत्तर आलं, या नंबरचा अर्जच आमच्याकडे नाही. त्याच्या ऑफिसात ओळख झालेल्या नांदेडच्या एका मुलीला फोन केला, तिलाही लेटर आलेलं, रेफरन्स नंबर माझाच, शेवटचा आकडासुद्धा तोच. तिचं ऐकून तर मला जास्त वाईट वाटलं, कारण तिला राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचा फॉर्म भरता आला असता, सामाजिक न्याय विभागाची आहे, अनुसूचित जातीच्या मुलामुलींसाठी, आणि याने तिला सांगितलेलं की ती आता बंद झाली.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, ऑनलाइन तक्रार टाकली, सायबर पोलिसांकडे गेले. साहेबांनी पहिलं हेच विचारलं की पैसे कधी पाठवले. तीन आठवडे होऊन गेलेले, खातं रिकामं होतं. पैसे गेल्या गेल्या फोन केला तर पुढच्या खात्यात अडवायला चान्स असतो म्हणाले, म्हणून सांगते, लाज वाटून घरात बसू नका, मी चार दिवस नुसती रडण्यात घालवले.

बाहेर शिकायला मदत घ्यायला माझी ना नाही. बऱ्याच एजंटांना युनिव्हर्सिटीकडूनच कमिशन मिळतं, म्हणून ते मुलांकडून काही घेत नाहीत. पण स्कॉलरशिप मिळवून देतो म्हणणारा दिसला की बाहेर पडा. आणि मेलचा पत्ता बघा, इंग्लंडच्या बहुतेक युनिव्हर्सिट्यांचा मेल डॉट एसी डॉट यूके असा संपतो, मला सगळे जीमेलवरून यायचे.

गटाचे सात हप्ते राहिलेत, आई भरतेय. त्या मुलीने आणि मी एकत्र जबाब दिलाय. डॉलरमध्ये स्टायपेंड लिहिलेलं असं लेटर अजून कोणाकडे असेल तर डिलीट करू नका, जवळच्या सायबर पोलिसांकडे घेऊन जा.