मायलेजसाठी हेड उघडताय? कॉम्प्रेशन वाढवायचं की कॅम हलवायचा

जुन्या पेट्रोल इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवणारच असाल, तर मायलेजसाठी दोन पर्याय समोर येतात: कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, वाढवायचं, किंवा व्हॉल्व्ह उघडणारा कॅम थोडा फिरवून त्यांची वेळ बदलायची. पैसे एकाच कामाला पुरणार असतील तर माझं मत कॉम्प्रेशनच्या बाजूने आहे.

कारण त्याचा फायदा सगळीकडे मिळतो. ऑटो सायकलच्या (पेट्रोल इंजिनाच्या चक्राच्या) आदर्श गणितात कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे दाबण्याचं प्रमाण, 9:1 असेल तर कार्यक्षमता 58.5 टक्के येते, 10:1 ला 60.2. प्रत्यक्षात उष्णता आणि घर्षण बरंच गिळतात, तरी रेशो एकाने वाढला की दोन-तीन टक्के इंधन वाचण्याची आशा ठेवता येते, गाडी हळू चालवा की जोरात.

मात्र हा 'एक' मिळवणं वाटतं तितकं सोपं नाही. 500 सीसीच्या सिलिंडरचा रेशो 9:1 असेल, तर पिस्टन टोकाला असताना वर 62.5 सीसी जागा उरते. 10:1 साठी ती 55.6 वर आणावी लागते. हेड फेसिंगमध्ये (हेडची खालची बाजू घासण्यात) अर्धा मिलिमीटर काढला तर हेडमधल्या ज्वलनाच्या चेंबरच्या तोंडाच्या आकारानुसार अडीच-एक सीसी कमी होतात, म्हणजे रेशो जेमतेम 9.3. पुढची मजल पातळ गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) किंवा वेगळे पिस्टन घालूनच मारता येते. शिवाय नॉकिंग (जास्त दाबाने मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोकणं) आहेच. जास्त ऑक्टेनचं (नॉकिंग टाळणारं) पेट्रोल नेहमी मिळत नसेल तर इग्निशन (ठिणगीची वेळ) मागे घ्यावं लागतं, आणि कमावलेलं तिथेच जातं. टर्बो (हवा दाबून भरणारं) इंजिन असेल तर या वाटेला जाऊच नका.

कॅमचं काम वरवर स्वस्त: अ‍ॅडजस्टेबल कॅम गिअर बसवा, दोन-चार अंश हलवा. कॅम पुढे घेतला की इनटेक (हवा आत घेणारा व्हॉल्व्ह) लवकर बंद होतो आणि खालच्या आरपीएमला ओढ वाढते. शहरात चालवणाऱ्याला हे जाणवतं, पण वरच्या आरपीएमला दम कमी पडतो.

इनटेक उशिरा बंद करून इंधन वाचवायची युक्ती खरी आहे. टोयोटा प्रियसने ती वापरली. पिस्टन वर येताना थोडी हवा मॅनिफोल्डमध्ये (हवा आणणाऱ्या नळीत) परत जाते, त्यामुळे दाबली जाते कमी, पण जळल्यावर फुगायला पूर्ण स्ट्रोक मिळतो. तेवढ्याच ताकदीसाठी थ्रॉटल जास्त उघडा राहतो, म्हणून हवा ओढण्यातली नासाडीही घटते. पण त्या इंजिनाचा रेशो 13 च्या घरात, आणि मंद ओढ सावरायला सोबत इलेक्ट्रिक मोटर! 9:1 च्या साध्या इंजिनात नुसता कॅम मागे नेलात तर दाब आणखी घटतो, गाडी मरगळते, तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबता. मायलेज वाढणं दूरच.

आणखी एक गोष्ट, जी बरेच जण विसरतात. ओव्हरहेड कॅमच्या (कॅम हेडमध्येच असलेल्या) इंजिनात हेड घासलं की कॅम क्रँकच्या जवळ येतो आणि टायमिंग आपोआप थोडं मागे सरकतं. म्हणजे कॉम्प्रेशनचं काम करणाऱ्यालाही कॅम पूर्वीच्या अंशावर आणावाच लागतो. दोन्ही कामांत पिस्टनवर मऊ माती ठेवून इंजिन हाताने फिरवा आणि व्हॉल्व्हचा ठसा मोजा. इनटेकला साधारण दोन मिलिमीटर, एक्झॉस्टला अडीच अंतर हवं.

रेशो 9 किंवा त्याखाली असेल आणि चांगलं पेट्रोल मिळत असेल, तर कॉम्प्रेशन. रेशो आधीच 10.5 च्या वर असेल तर हेडला हात न लावता कॅम एक-दोन अंश पुढे घेऊन पाहा. कंपनीचंच व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग (व्हॉल्व्हची वेळ आपोआप बदलणारी यंत्रणा) असेल, तर दोन्ही सोडा आणि ते पैसे इंजेक्टर साफ करण्यावर घाला.